कितवा नंबर आला?

आमच्या गाडीच्या नाकावर विंचू आहे. नाशिकमध्ये एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "स्कॉर्पिओ घेतली? चांगलंय, आपल्या इथलीच." सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे नाशिककराच्या डोक्यात विंचू आणि गाडी ही सोयरीक पक्की झालेली आहे. मग मला खुलासा करावा लागतो की हा विंचू इटलीचा. कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थांची रास वृश्चिक, म्हणून त्यांनी १९४९ साली काढलेल्या कंपनीच्या गाड्यांवर विंचू बसवला. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रास सूर्यावरून काढली की चंद्रावरून?" मी विषय बदलला आणि सांगितलं की विंचू इटलीचा असला तरी गाडीचा जन्म रांजणगावच्या कारखान्यातला. "म्हणजे महागणपतीच्या दारातली," असं म्हणून आईने ताबडतोब हळदकुंकू आणलं. गाडीला घरात मिळालेली ती पहिली आणि शेवटची मान्यता.

तर, फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ साली आली तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मी घेतली तिसऱ्या हाताने. दिसायला चार दारांची साधी हॅचबॅक, त्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की बायको खिडकीतून खाली बघते आणि विचारते, "कुठली? ती पलीकडची?" मी म्हणालो, स्पोर्ट्स कार ही वस्तू नाही, वृत्ती आहे. ती म्हणाली, "वृत्तीचा हप्ता किती?"

हप्ता हा प्रश्न नव्हताच. मला गाडी ट्रॅक डेसाठी तयार करायची होती. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे या लेखात मी एकदाच सांगणार आहे, कारण प्रत्यक्षात तीनशे वेळा सांगून झालंय. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि खऱ्या रेसट्रॅकवर आपली गाडी आपल्याला झेपेल तेवढी पळवायची. नंबर नाही, कप नाही, हारतुरे नाहीत. आमच्या नाशिकच्या डोंगररस्त्यांवर रॅलीच्या गाड्या धुरळा उडवून गेल्यात, त्यामुळे इथे वेगाचं कौतुक आहे. पण कौतुकाला नंबर लागतो. नंबर नाही म्हटल्यावर लोकांचे चेहरे रजिस्ट्रेशन नसलेल्या जमिनीचा सातबारा बघितल्यासारखे होतात.

आमचे मिस्त्री अनुभवी माणूस. त्यांनी गाडीखाली दहा मिनिटं घालवली, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, आधी ब्रेक ऑइल बदला. रंग बघा, उसाच्या काकवीसारखा झालाय." मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रोज दुसऱ्यांचे दोष काढायचे हेच माझं काम, त्यामुळे स्वतःच्या बाबतीत कुणी दोष काढला की मला तो ऐकू येत नाही. शिवाय आधीच्या मालकाने "सगळं नवीन आहे भाऊ" असं सांगितलं होतं. आणि ब्रेक ऑइल बदललेलं कुणाला दिसतं? मला दिसणाऱ्या गोष्टी हव्या होत्या. मी गाडी खाली बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा मागवल्या.

या स्प्रिंगांचा खर्च मी घरखर्चाच्या एक्सेलमध्ये 'गच्चीचं वॉटरप्रूफिंग' या नावाखाली टाकला. जुलैत हॉलच्या छतातून पाणी टपकायला लागलं तेव्हा बायकोने एक्सेल उघडून, छताकडे बघून आणि मग माझ्याकडे बघून जे मौन पाळलं, त्याचं वर्णन करण्याची ही जागा नव्हे.

स्प्रिंगा बसल्या. कंपनीतून १५५ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांतलं अंतर, घेऊन आलेली गाडी १२५ वर आली. दिसायला काय सांगू, दबा धरून बसलेलं मांजर! मूळ स्प्रिंगा मी जपून गॅलरीत ठेवल्या, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नमुन्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. हे कलम मी स्प्रिंगा बसवून झाल्यावर वाचलं. म्हटलं, ट्रॅकवरून आलो की मूळच्या परत बसवू. तोवर आईने त्यांच्यावर मनीप्लँटच्या कुंड्या ठेवल्या होत्या. "किती छान स्टँड आणलेस रे, दोन का आणले? चार आणायचे." बाकीच्या दोन पलंगाखाली होत्या. त्याही गेल्या.

मग सुरू झाला खरा छळ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीने यातली उंची मन लावून घेतली, रुंदीपर्यंत सिमेंट पुरलं नाही. त्यामुळे गेटजवळ गतिरोधक नसून एक छोटा बांध आहे. १० सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिमीटर, गाडी १२५ वर. कागदावर २५ मिलिमीटरची ऐश. पण कागदावर गाडीत कोणी बसलेलं नसतं. मी आणि बायको बसलो की पंधरा गेले. आई मागे बसली की उरलेले दहा गेले आणि पोटाखालून असा आवाज येतो की वॉचमन केबिनमधून स्टूल टाकून धावत येतो.

यावर तोडगा निघाला तो असा, की गतिरोधक आला की आईने उतरायचं, चालत पलीकडे जायचं, आणि मी गाडी तिरकी घालून एकेक चाक उतरवायचं. आमच्या घरापासून काळारामाच्या देवळापर्यंत असे सात गतिरोधक आहेत. आई पहिल्या दोन ठिकाणी उतरून चढली. तिसऱ्यापासून ती चढेचना. "तू ये सावकाश," म्हणाली. आम्ही पोचलो तेव्हा ती दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन, पायरीवर बसली होती.

ट्रॅकच्या आधी चाकांना निगेटिव्ह कँबर द्यायचा असतो, म्हणजे चाकांचा वरचा भाग किंचित आत कलवायचा. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा टायर पूर्ण टेकावा म्हणून. अलाइनमेंटवाल्या पोराला हे पटेना. त्याच्या मशीनवर बरोबर असलं की हिरवं आणि चुकलं की लाल येतं.

"दादा, लाल आलं."

"लालच हवंय."

"लाल म्हणजे चूक असतं दादा."

"मला चूकच हवीय."

त्याने मालकाला बोलावलं. मालकाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी त्यांनी लाल करून दिलं, पण बिलावर 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असं लिहून माझी सही घेतली.

ट्रॅक कुठे, तर कोइंबतूरला. कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. नाशिकपासून बाराशेच्या वर किलोमीटर. म्हणजे दोन किलोमीटरच्या रस्त्यासाठी बाराशे किलोमीटरचा रस्ता. मागची सीट वजन कमी करायला काढली, आणि तिच्या जागी जॅक, गोटी पाने, जास्तीची दोन चाकं, हवेचा पंप, गतिरोधकासाठी दोन फळ्या आणि बायकोने दिलेला दोन किलो चिवडा भरला. वजन होतं त्यापेक्षा वाढलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अगदी पाहून घेतलं. सिन्नर, संगमनेर, पुणे, कोल्हापूर करत तिसऱ्या दिवशी पोचलो.

तिथे सकाळी गाडी तपासतात. बॅटरी घट्ट आहे का, आत काही सुटं तर नाही ना. मी सगळं उतरवलं. तपासनिसाला सीटखाली चिवड्यातला एक शेंगदाणा सापडला आणि त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला.

मग झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे धोका, काळा म्हणजे मुकाट्याने आत या, निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येतेय, बाजूला सरका. मला पहिल्या तीन फेऱ्यांत बाकीचे झेंडे दिसलेच नाहीत. निळा मात्र इतका दिसला की मला वाटलं तो तिथे कायमचा लावलाय. सगळे पुढे गेले. एक पोरगा वडिलांच्या जुन्या मारुती एस्टीममधून गेला, तोही वळणाच्या बाहेरून. मी डावा इंडिकेटर द्यायचो, डावीकडे सरकायचो, वाट द्यायचो. सरळ रस्त्यावर १४५ घोडे उधळायचे आणि वळण आलं की मला गेटजवळचा बांध आठवायचा. पाय आपोआप ब्रेकवर.

हा ब्रेक चौथ्या फेरीत तळाला गेला. म्हणजे पायाला काही लागलंच नाही, चिखलात पाय जावा तसा गेला. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल, तेल नव्हे. ते हवेतलं पाणी शोषतं. चांगलं डॉट-४ कोरं असताना २३० अंशांच्या खाली उकळू नये असा दंडक आहे; पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येतो. माझ्या काकवीने नाशिकचे किती पावसाळे प्यायले होते देव जाणे. ट्रॅकवर डिस्क तापल्या, ती उकळली, तिच्यात वाफेचे बुडबुडे झाले, आणि मी दाबत होतो ते बुडबुडे. पॅडल तीन-चारदा पंप केलं, गिअर खाली घेतले आणि गाडी कडेच्या मातीत सरळ नेऊन थांबवली. खरचटलं नाही. फक्त समोरून पिवळा झेंडा दिसला आणि कळलं की पुढचा धोका आपणच.

उरलेला दिवस ब्रेकमधली एअर काढण्यात गेला. एस्टीमवाल्या पोराने नळी धरली, मी पॅडल मारलं. तो चिवडा चांगला म्हणाला. संध्याकाळच्या शेवटच्या सत्रात जपून सहा फेऱ्या मारल्या. सकाळच्या चार आणि या सहा, एकूण दहा.

परत आलो तर गेटवर वॉचमनने फळ्या मांडता मांडता विचारलं, "साहेब, कितवा नंबर?" जिन्यात कुलकर्णी काकांनी विचारलं, "कितवा नंबर?" बायकोने काही विचारलं नाही, तिने पेट्रोलच्या पावत्या मागितल्या. मिस्त्रींना फोन केला, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काकवी."

आईने विचारलं, "म्हणजे तिकडे जाऊन केलंस काय?"

"गोल फिरलो."

"किती?"

"दहा फेऱ्या. एकवीस किलोमीटर."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. "अरे, एवढीच तर ब्रह्मगिरीची फेरी. प्रदक्षिणाच घालायची होती तर त्र्यंबकला घालायचीस. पुण्य तरी लागलं असतं. आणि गतिरोधक नाहीत तिथे."

तिसऱ्या श्रावणी सोमवारी मला घेऊनच गेली. पाऊस, चिखल, आणि 'बम बम भोले' म्हणत निघालेली ही गर्दी. पहिल्या चढावर मी गुडघ्यावर हात ठेवून उभा होतो, तेवढ्यात मागून आईच्या छत्रीचं टोक ओळखीचा आवाज करत आलं. मी सवयीने डावीकडे सरकलो आणि तिला वाट दिली.