ट्रॉली डोलायला लागली तर ‘रेस द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गणपतीचे मंडप उभे राहायला लागले की तुर्भे, रबाळे, कळंबोली, वागळे इस्टेट इथल्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. जनरेटरची, कॉम्प्रेसरची किंवा बोटीची जड ट्रॉली ओढताना गाडी स्थिर कशी ठेवायची, हे त्यात सांगितलंय. थोडक्यात तो असा: पिकअप दमदार आणि फोर बाय फोर असेल तर ट्रॉली डोलत नाही. गाडी मागून बसत असेल तर ट्रॉलीतलं वजन मागे सरकवा. तरीही बसली तर जादा पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) टाका, काम झालं. मागच्या टायरची हवा थोडी कमी करा, पकड वाढते. ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं, गाडीच्या पासिंगशी (तिला मंजूर असलेल्या वजनाशी) त्याचा संबंध नाही. आणि डोलायलाच लागली तर रेस द्या, ट्रॉली ताणून सरळ होते. पुरावा म्हणून खाली एक ओळ: ‘जेएनपीटीचे चाळीस फुटी कंटेनर बघा, ते डोलतात का?’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण रेस देण्याचा सल्ला जीव घेणारा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रेस दिली की हिचवर, म्हणजे गाडीला ट्रॉली जोडतात त्या जोडावर, ओढ येते आणि क्षणभर ट्रॉली सरळ झाल्यासारखी वाटते. एवढ्यावरच हा समज टिकून आहे. पण गाडी आणि ट्रॉलीच्या प्रत्येक जोडीचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या खाली असाल तर बसलेला झोका आपोआप विरतो. त्याच्या वर गेलात की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ट्रॉली शेपूट मारायला लागली म्हणजे तुम्ही त्या वेगाच्या अगदी जवळ आहात किंवा तो ओलांडलाय. तिथे आणखी वेग वाढवायचा? ताशी ६० वरून ८० वर गेलात तर गाडी आणि ट्रॉलीतली ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शिवाय पुढे एखादी बस आडवी आली की रेस सोडावीच लागणार. त्या क्षणी दीड टनाची ट्रॉली, आता जास्त वेगात, तुम्हाला मागून रेटायला लागते.

सायन-पनवेल हायवेवर बाजूने कंटेनर भरधाव जातो तेव्हा त्याच्या हवेचा दाब ट्रॉलीला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत खेचतो. वाशीच्या खाडीपुलावर आडवा वारा असतो, मुंब्रा बायपासच्या उतारावर ट्रॉली मागून ढकलते. डोलण्याची सुरुवात अशाच ठिकाणी होते. त्या वेळी पाय रेसवरून उचला. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. झोक्याच्या उलट फिरवायला जाऊ नका, कारण माणसाचा हात नेहमी थोडा उशिरा पोचतो आणि झोक्यात भरच घालतो. गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. ट्रॉलीचा ब्रेक वेगळा, हाताने लावता येत असेल तर फक्त तोच लावा. काही नव्या पिकअपमध्ये ट्रेलरचं डोलणं आवरणारी इलेक्ट्रॉनिक सोय असते. ती काय करते बघा: इंजिनाची ताकद कमी करते आणि एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते. रेस देत नाही.

आता वजन मागे सरकवण्याचा मुद्दा. डोलण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा हेच असतं. एपीएमसीतली हातगाडी आठवा. माल चाकाच्या मागे जास्त झाला की दांड्या वर उचलतात आणि हमालाला गाडी सरळ नेता येत नाही. ट्रॉलीचं तेच होतं, फक्त इथे दांडी धरायला तुमच्या पिकअपची मागची चाकं आहेत. मागे गेलेलं वजन हिचला वर उचलतं, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ट्रॉली पहिल्याच धक्क्याला बाजूला जाते. अशा ट्रॉलीच्या नाकावर, म्हणजे हिचवर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा, असा अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा हिशोब आहे. १५०० किलोच्या ट्रॉलीला १५० ते २२५ किलो. युरोपात यापेक्षा कमी भारावर ट्रेलर ओढतात, पण जर्मनीसारख्या देशात ट्रेलर लावलेल्या कारला वेगाची मर्यादाही साधारणपणे ताशी ८० आहे. तुमच्या हिचच्या पट्टीवर उभ्या भाराची मर्यादा लिहिलेली असते. ती कमी असेल तर ट्रॉलीच हलकी करा, नाकावरचा भार काढून मागे टाकू नका.

नाकावरचा भार बरोबर असूनही ट्रॉली डोलते, असं सांगणारे भेटतात. त्यांच्या ट्रॉलीच्या मागे जाऊन बघा. केबलची जाडजूड भेंडोळी मागच्या अँगलला अडकवलेली असतात आणि तोल साधायला पुढे दांड्याजवळ डिझेलचे कॅन आणि बॅटऱ्या. बेरीज जुळते, पण दोन्ही टोकांना वजन असलेली ट्रॉली एकदा फिरायला लागली की लवकर थांबत नाही. जड सामान ॲक्सलवर आणि त्याच्या किंचित पुढे, खाली, घट्ट बांधून ठेवायचं. ट्रॉली नवीन बनवून घेत असाल तर ॲक्सल मधोमध बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला थांबवा. जनरेटर कुठे बसणार हे आधी ठरवा, ॲक्सलची जागा मग.

नाकावरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला त्याच उंचीची वीट, आणि दोन्हींवर मजबूत फळी. दोन्ही टेकूंमधलं अंतर ३ फूट. फळी ठेवल्यावर काटा जे दाखवेल ते लिहून ठेवा. मग ट्रॉलीचं नाक विटेपासून १ फुटावर, काट्यापासून २ फुटांवर, हिचच्याच उंचीला येईल असं फळीवर टेकवा. नव्या आकड्यातून फळीचा आकडा वजा करून ३ ने गुणा. वजाबाकीनंतर ६० उरले तर नाकावर १८० किलो आहेत. दहा मिनिटांचं काम आहे आणि प्रत्येक भाड्याच्या ट्रॉलीला एकदा करायलाच हवं.

जादा पाट्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच फसवतं. पाटे टाकले की गाडी मागून उचलली जाते हे खरं. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. हिशोब सोपा आहे. हिचवर २०० किलो आहेत, हिच मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, साधारण ३ मीटर आहे, असं धरा. मागच्या ॲक्सलवर २०० नव्हे, २८० किलो वाढतात, कारण पुढच्या ॲक्सलवरचे ८० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे. पाटे किंवा एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे) टाकून गाडी दिसायला सपाट झाली तरी हे ८० किलो उचललेलेच राहतात. फक्त आता ते डोळ्यांना कळत नाही. मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण बसलेली गाडी निदान सांगत तरी होती. पुढचा भार खरोखर परत आणतो तो वजन वाटणारा हिच. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या भाराचा काही भाग पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रॉलीच्या ॲक्सलवर ढकलतात. आपल्याकडे तो क्वचित दिसतो. तो मिळत नसेल तर बॉल (हिचचा गोळा, ज्यावर ट्रॉलीचं नाक बसतं) मागच्या ॲक्सलच्या शक्य तितका जवळ आणा. हुक आणि रिंग झिजून खेळ आला असेल तर बदला.

हाच हिशोब कंटेनरलाही उत्तर देतो. जेएनपीटीच्या ट्रेलरची किंगपिन (जोडणीची खुंटी) हॉर्सच्या, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकच्या, मागच्या ॲक्सलच्या वर किंवा जराशी पुढे बसते. मागे लोंबणारा १.२ मीटरचा दांडा तिथे नसतोच. त्यामुळे मागचा ट्रेलर बाजूला सरकला तरी हॉर्सची शेपटी त्याच्याबरोबर खेचली जात नाही. पिकअपचा बॉल ॲक्सलच्या बराच मागे असतो, म्हणून ट्रॉली प्रत्येक झोक्याला गाडीचं तोंड वळवते. दोन वेगळ्या रचना आहेत, एकीवरून दुसरीला पास करता येत नाही.

इंजिनाबद्दल फार लिहायची गरज नाही. ताकद ट्रॉली ओढते, सरळ ठेवत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून डोलणं थांबत नाही. बहुतेक पिकअपमध्ये तो कोरड्या डांबरासाठी नसतोच. लावलात तर वळणावर गिअरवर ताण येतो.

हवा कमी केली की टायरची भिंत मऊ होते आणि गाडी बाजूला जास्त लवते. शिवाय टायर तापतो. दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो दाब दिलाय तो थंड टायरमध्ये ठेवा. ट्रॉलीचे टायरही बघा. वर्षभर यार्डात उन्हात उभे राहून त्यांच्या भिंतीला चिरा पडलेल्या असतात. भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

राहिला पासिंगचा मुद्दा. हिचवरचे २०० किलो गाडीवरच येतात, ट्रॉलीवर नाही. हौद्यात आधीच टेंटचे पाईप आणि चार माणसं असतील तर तेवढा माल कमी भरायला हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. बिनब्रेकची ट्रॉली किती वजनाची ओढायची याचा आकडा वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात असतो आणि तो पाळायचा असतो. कळंबोली-तुर्भ्याकडे काट्यांना तोटा नाही. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आधी ट्रॉलीशिवाय, मग ट्रॉली जोडून, म्हणजे पुढून किती वजन उचललं गेलं ते कळेल, आणि दोन्ही पावत्या डॅशबोर्डमध्ये ठेवा.