टायमिंग बेल्ट लवकर गेला, म्हणजे बेल्टच नकली होता?

जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे फिरते भाग एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा) ४०-५० हजार किलोमीटरवरच संपला की हमखास फिरणारा सल्ला असा: ‘बेल्ट डुप्लिकेट होता. ओरिजिनल टाका, चांगला ताणून बसवा, बाकी कशाला हात लावू नका. दिसायला ठीक आहे तोवर चालवा.’ या सल्ल्याने चांगली इंजिनं वाया जातात. लोगन, व्हेरिटो, डस्टरमधलं रेनोचं १.५ डीसीआय इंजिन घ्या. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा), डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप, तिन्ही याच एका बेल्टवर फिरतात.

‘बेल्ट डुप्लिकेट होता.’ नकली माल बाजारात आहेच, पण नवा बेल्ट टाकण्याआधी जुना नीट पाहा. उतरवण्यापूर्वी त्यावर फिरण्याची दिशा खडूने लिहा. एकच कड उसवली असेल तर बेल्ट सरळ धावत नव्हता: टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) खाचेत बसलेला नाही, तो ज्यावर बसतो तो स्टड वाकलाय किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय. रबर फुगून चिकट झालं असेल तर कॅमचं किंवा क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गळतंय. डिझेलचा वास आला तर डिझेल पंप तपासा. असा बेल्ट पुसून परत घालू नका. नवं सीलही गळायला लागलं तर ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतला दाब सोडणारी नळी) चोक आहे का पाहा, कारण क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) साठलेला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. ओळीने दात तुटले असतील तर काहीतरी अडकलं होतं. कव्हरमध्ये काळे दोरे सापडले तर बाहेरचा फॅन बेल्टही बघा. तो उसवला की त्याची पट्टी क्रँक पुलीमागून आत ओढली जाते आणि टायमिंग बेल्टचे दात चुकतात. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे.

‘चांगला ताणून बसवा.’ हे सगळ्यात घातक. जास्त ताणला की दातांमधल्या खाचांतलं कापड झिजून आतले धागे दिसू लागतात, आणि वॉटर पंपाचं बेअरिंगही जातं. ताण अंदाजाने ठरत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं; गरम असताना हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) प्रसरण पावलेलं असतं, तेव्हा जुळवलेला ताण थंड झाल्यावर सैल पडतो. क्रँक आणि कॅमला पिन (जागेवर अडवणारी खीळ) लावा, डिझेल पंपाची खूण जुळवा, टेन्शनरचा काटा खुणेवर आणा. पिना काढा, क्रँक हाताने फिरण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, पिना परत घालून काटा पुन्हा तपासा. क्रँकचा बोल्ट सोडवताना पिनेचा आधार घेऊ नका, ती वाकते.

‘बाकी कशाला हात लावू नका.’ टेन्शनर आणि वॉटर पंप बेल्टसोबतच बदला. बेल्ट उतरलेला असताना डिझेल पंप हाताने फिरवून पाहा. थोडे झटके लागणारच. पण करकर किंवा मध्येच अडणं नको. तसं झालं तर डिझेल फिल्टर उघडून धातूची चकाकी शोधा. डिझेलमध्ये पाणी आलं की पंपाचं वंगण जातं, त्याची झीज होते आणि तो भार बेल्टवर येतो.

‘दिसायला ठीक आहे.’ आतले काचतंतू थकले तरी रबरावर भेग दिसेलच असं नाही. भेगा शोधायला बेल्ट उलटा दुमडला तर तेच तंतू तुटतात. मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरा. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं.