शिक्षकहो, ऐकून घेण्याची खोड मोडा!

माध्यमिक शाळेत शिकवता आणि मुलांचं ऐकूनही घेता? अहो, मग पोर्शन कोण संपवणार?

पहिलं म्हणजे, मुलाचं वाक्य त्याला कधीच पूर्ण करू देऊ नका. ‘सर, मला ते...’ एवढं कानावर पडलं की ‘समजलं नाही ना? लक्ष कुठे होतं?’ म्हणून मोकळं व्हा.

बोलणाऱ्याकडे बघू नका. पेपर तपासत राहा.

प्रश्न विचारलात की थांबू तर अजिबात नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हे मोजलं. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. म्हणजे बघा, केवढी आफत! त्यापेक्षा पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडून उत्तर घ्या आणि पुढे चला.

‘कुणाला काही शंका?’ हे घंटा वाजत असतानाच विचारावं.

सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर आधीच तयार ठेवा. परवाच्या पालकसभेत ही कला मी जवळून पाहिली. ‘तुमची मुलगी फळ्यावरचं अर्धवट उतरवते. लक्ष नसतं तिचं.’ मुलगी शेजारीच उभी. ती म्हणाली, ‘सर, मागून मला...’ ‘मागे बसायची हौस कुणाला आहे?’ ‘नाही सर, ते फळ्यावरचं...’ ‘फळ्यावरचं उतरवायचं असतं, शेजारणीच्या वहीतलं नाही!’ वर मला सल्ला, घरी जरा शिस्त लावा. त्या वहीत प्रत्येक गणिताच्या दोन पायऱ्या होत्या, मग रिकामी जागा, मग थेट उत्तर. सरांनी ती वही उघडून माझ्यापुढे धरली होती! घरी येऊन तिला नीट विचारलं, तेव्हा कळलं की तिला फळाच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. हेच सांगायला ती सरांकडे आधीही गेली होती आणि दर वेळी बोलणी खाऊन परत आली होती. शेवटी तिनं सांगणंच सोडलं. त्यावर प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर ‘वर्गात मोकळेपणानं बोलत नाही’!

कशी बोलेल हो? बी.एड.ला सक्रिय श्रवणावर, म्हणजे समोरच्याचं मन लावून, समजून ऐकण्यावर टीप लिहून मार्क मिळवलेच असतील ना तुम्ही? कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९५७ साली सांगून गेलेत, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून बघा, म्हणजे कळलंय की नाही ते समजेल. ‘तुला फळा दिसत नाही, असं म्हणतेस का?’ एवढंच विचारायचं होतं. वर्ग भरलेला असतो, वेळ नसतो, वरून कागदपत्रांचा ढीग असतो, सगळं मान्य. पण सर, तिला चारचौघांत झापायला वेळ होता ना तुम्हाला? ती चौदा वर्षांची पोर हिंमत करून तुमच्या टेबलापाशी आली होती. पेन खाली ठेवायचं, तिच्याकडे बघायचं आणि तिचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. एवढंही जमू नये?