‘दुकानदारी’ या शब्दाबद्दल

लातूरहून लिहिणाऱ्या महोदयांस, सविनय नमस्कार.

स्वयंसेवी संस्थांच्या स्वातंत्र्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, “व्यवहार स्वच्छ असतील तर हिशेबाची भीती कशाला? ही सगळी दुकानदारी वाचवण्याची धडपड आहे.” पुढे परदेशी हस्तक्षेप, संस्थाचालकांच्या गाड्या वगैरे बरेच आहे, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.

एक चूक मान्य करतो. परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चावर २०२० मध्ये मर्यादा आली, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात ५० टक्क्यांची मर्यादा आधीपासून होती आणि परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आणली.

‘दुकानदारी’ हा शब्द मात्र मला लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि चौथ्या दिवशी तिथे ढिगारे उपसत होतो. त्या ओळखींतून उभ्या राहिलेल्या एका लहान संस्थेचा मी पंचवीस वर्षे विनावेतन चिटणीस होतो. दरवर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रके, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे सारे आम्ही केले. त्या कार्यालयाची पायरी तुम्ही एकदा तरी चढला असता, तर हा प्रश्न विचारला नसता.

आमची तक्रार हिशेबाबद्दल नव्हतीच. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे, अगदी नोंदणी असलेल्या संस्थेकडेही, वळता करू नये, असे २०२० च्या दुरुस्तीने ठरवले. एका मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या अशाच निधीवर आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवत होतो. ते बंद पडले आणि मुले आईबापांबरोबर फडावर गेली. आमचा पै-पैचा हिशेब तेव्हाही तयार होता. तो कोणी मागितलाही नाही.

सरकारी योजनांची कामे घेऊन संस्थांनी जगावे, असेही आपण सुचवता. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गावोगावच्या संघटनांनी लावून धरला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या कार्यालयाच्या सहीवर आपले अनुदान अवलंबून आहे, त्याच्याच दारात असा प्रश्न घेऊन कोण उभे राहील?

निजामाच्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकामुळे साधी सभा घ्यायलाही ज्या मराठवाड्यात आगाऊ परवानगी लागत असे, तिथल्याच माणसाने परवानगीला हिशेब म्हणावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. आमच्या वह्या आजही कार्यालयात आहेत. पाहायच्या असतील तर अवश्य या. मात्र त्या पाहिल्यावर तो शब्द मागे घ्यावा लागेल.