खारफुटी लावली म्हणजे किनारा वाचला?

‘किनाऱ्यावर मोकळी जागा दिसेल तिथे खारफुटीची रोपे लावा, ती इतर जंगलांच्या कित्येक पट कार्बन साठवतात, वादळाची लाट अडवतात आणि समुद्र चढला तर त्याच्याबरोबर स्वतःची जमीनही उंचावतात, मग हवामान बदलासाठी आणखी वेगळे काही करण्याची गरजच नाही,’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. शेवटचा निष्कर्ष सोडला तर त्यातले एकही विधान निव्वळ खोटे नाही. चूक आहे ती प्रत्येक विधानामागची अट गाळण्यात.

पहिला मुद्दा, मोकळ्या जागेचा. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने आणि समुद्रगवताचे पट्टे दिसायला ओसाड वाटतात, पण शिंपले, खेकडे आणि स्थलांतरित पाणपक्षी त्यांच्यावरच जगतात. शिवाय तिथे खारफुटी आपणहून उगवलेली नसते, याला बहुधा कारण असते: ती जागा भरती-ओहोटीच्या हिशेबात फार खाली असते, आणि रोप सोसू शकेल त्याहून अधिक तास पाण्याखाली राहते. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या लागवडीची पाहणी केली, तेव्हा सुमारे १,००० ते १,२०० हेक्टरपैकी जेमतेम २०० ते २२० हेक्टरवर ती यशस्वी ठरलेली आढळली, आणि २३ पैकी ९ ठिकाणी तर एकही रोप उरले नव्हते. फिलिपिन्समधला अनुभवही याच जातीचा आहे. झाडाला पाण्याची पातळी नेमकी लागते, याचा पुरावा उलट्या बाजूनेही मिळतो. ऑस्ट्रेलियातील कार्पेंटेरियाच्या आखातात २०१५-१६ मध्ये सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्यावरील ७,००० हेक्टरांहून अधिक खारफुटी वाळली, आणि उष्णता व अपुऱ्या पावसाबरोबरच समुद्राची पातळी काही काळ खाली गेल्याचा त्यात मोठा वाटा होता. म्हणूनच बांध फोडून किंवा बुजलेल्या खाड्या मोकळ्या करून भरतीचे पाणी पूर्ववत खेळू दिले, तर रोपे न लावताही जंगल परतते. मात्र अशा कामात ‘इतके लाख रोपे’ असा आकडा फलकावर लिहिता येत नाही, ही त्याची अडचण.

कार्बनचा मुद्दा हिशेबानेच मिटतो. जगात खारफुटी सुमारे १,४७,००० चौरस किलोमीटर आहे. दर चौरस मीटरला वर्षाकाठी २०० ग्रॅम कार्बन गाळात गाडला जातो असे धरले, तर तो साधारण ११ कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो. उलट जीवाश्म इंधनांचे वार्षिक उत्सर्जन ३,५०० कोटी टनांहून अधिक आहे. खरे मोल आहे ते शतकानुशतके चिखलात साठलेल्या कार्बनचे, आणि उभे जंगल तोडले की तोच बाहेर पडतो. त्यामुळे नव्या लागवडीआधी जुने जंगल राखणे महत्त्वाचे.

लाटांविषयी बोलताना वाऱ्याने उठणारी लाट आणि वादळी उधाण, म्हणजे वादळाने समुद्राची सगळी पातळीच वर चढणे, यांत फरक करायला हवा. शंभर मीटर रुंदीचा पट्टा वाऱ्याच्या लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो. उधाण मात्र खारफुटीच्या दर किलोमीटर रुंदीमागे ५ ते ५० सेंटिमीटरच उतरते. त्यापुढे एका ओळीतल्या झाडांचा निभाव लागत नाही.

उरला प्रश्न समुद्राबरोबर उंचावण्याचा. गेल्या दहा हजार वर्षांतील गाळाच्या नोंदी तपासून २०२० मध्ये संशोधकांनी दाखवले, की जमिनीच्या तुलनेत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरहून वेगाने चढू लागली तर खारफुटीला तिच्याशी बरोबरी साधणे जवळजवळ अशक्य होते. २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी वेग ३.७ मिलिमीटर होता. भूजलाच्या उपशाने जमीन खचते तिथे आणि वरच्या धरणांनी गाळ अडवलेल्या त्रिभुज प्रदेशांत मुळातच खारफुटीकडे एवढी सवलत नसते. अशा ठिकाणी जंगल जमिनीकडे सरकूनच तगू शकते, आणि त्याच्या पाठीशी भिंत, रस्ता किंवा कोळंबीची तळी असतील तर तेही जमत नाही. म्हणून किनाऱ्याच्या आराखड्यात रोपांच्या संख्येआधी ठरवावे लागते ते हे, की पन्नास वर्षांनी भरतीची रेषा जिथे येईल ती जमीन आज कोणासाठी मोकळी ठेवायची, आणि तिच्या मालकांना त्याचा मोबदला कोण देणार.