रंग लावा, पण कुलर काढू नका

परवा अकोल्याहून मामीचा फोन. “तो उष्णता आकाशात फेकणारा रंग गच्चीला मारून घेतेय. खोली २० डिग्रीनं गार होते म्हणे. कुलर देऊन टाकू का कुणाला?” वरच्या मजल्यावर ८१ वर्षांचे मामा झोपून असतात. तिला आलेला या रंगाच्या जाहिरातीचा फॉरवर्ड मागवून वाचला आणि डोकंच फिरलं.

‘खोली २० डिग्रीनं गार, कुलर-एसी विसरा’ हे धडधडीत खोटं आहे. या तंत्राचा नावाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला. भर उन्हात पृष्ठभाग हवेपेक्षा ४.९ अंशांनी थंड राहिला. पृष्ठभाग, खोली नव्हे! तोही ताटाएवढा तुकडा, वरून पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावलेला. थंड करण्याची ताकद भरली चौरस मीटरला ४० वॉट. म्हणजे १० बाय १० च्या खोलीवर पावणेचारशे वॉट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. शिवाय भिंतींतून, खिडकीतून येणारी झळ हा रंग कशी अडवणार? अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ ला टेकतो. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा कुलर काढायला सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

हा २० चा आकडा बहुधा छताचा असावा. दुपारी उघडा पत्रा आणि पांढरा पत्रा यांच्या तापमानात तेवढा फरक पडू शकतो. तो खोलीच्या नावावर खपवलाय.

‘उष्णता अवकाशात जाते’ हे मात्र खरं, मान्य करावंच लागेल. तापलेल्या छतातून निघणाऱ्या ८ ते १३ मायक्रोमीटरच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) लहरी कोरड्या हवेतून बऱ्याचशा थेट बाहेर निघून जातात. पण दमट हवा आणि ढग तीच वाट अडवतात. त्यामुळे ‘बारा महिने, कुठेही’ हा दावा मुंबई-कोकणात टिकत नाही.

‘गळतीही थांबते’? त्यासाठी वॉटरप्रूफिंग वेगळं करावं लागतं. ‘२० वर्षं बघायला नको’? आमच्या गच्चीला मार्चमध्ये पांढरा रंग दिला होता. मे महिन्यात बोट फिरवलं तर बोटाला मातीचा थर, आणि खाली तेवढीच एक पांढरी रेघ. धूळ बसली की ऊन परतवणं कमी होतं. धुवावं लागतंच.

मामीला म्हटलं, रंग जरूर लाव, स्लॅब कमी तापेल, रात्रीची झळ कमी होईल. आणि कुलरचा वाळा जुना झालाय, तो याच आठवड्यात बदलून घे.