खुलासा: तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवू नका

'सोललेला लसूण तेलात बुडवून ठेवा, हवा लागत नाही म्हणून फ्रीजबाहेर महिनोन्महिने टिकतो' असा मेसेज फिरतोय. कृपया असं करू नका.

हवा तोडली की बुरशी थांबते, हे बरोबर. लोणच्यावर बोटभर तेल आपण त्यासाठीच ठेवतो. पण प्राणवायू सगळ्याच जंतूंना लागत नाही. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचं त्याच्यावाचून काही अडत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विषारी जंतू तर हवेत वाढतच नाही. लसणाच्या बुडाशी, मुळांच्या दाढीत अडकलेल्या मातीतून त्याचे बीजाणू (जंतूची टणक, सुप्त रूपं) येतात. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत, आणि तेलाखाली रुजतात. त्यांचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. वास येईलच असंही नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला फ्रीजबाहेर ठेवलेल्या अशाच लसणाने ३६ जणांना बाधा झाली.

मग कैरीचं लोणचं कसं टिकतं? मीठ आणि आंबटपणा! सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असला की हा जंतू वाढत नाही. नुसता लसूण तेवढा आंबट नसतो.

लसूण-तेल हवंच असेल तर थोडंच करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.